किशोरवयीनांची बोली : इंग्रजी आणि स्पॅनिश

किशोरवयीन मुले आपसांत जी बोली बोलतात, तिचा इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही अंगांनी झालेला अभ्यास मुख्यतः लंडन आणि माद्रिद या शहरांभोवती फिरतो. लंडनमधील मुलांच्या गप्पा १९९३ साली ध्वनिमुद्रित करून नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाने सुमारे पाच लाख शब्दांचा संग्रह सिद्ध केला. पुढे तेथेच माद्रिदच्या मुलांचाही असा संग्रह झाला आणि आन्ना-ब्रिटा स्टेनस्ट्रोम यांनी दोहोंची तुलना केली.

पहिला फरक हाक मारण्यात दिसतो. माद्रिदची मुले बरोबरीच्या मित्राला ‘तीओ’ म्हणजे शब्दशः काका म्हणतात, तर मुली एकमेकींना ‘तीआ’, म्हणजे मावशी किंवा आत्या, म्हणून हाक मारतात. लंडनमध्ये त्या जागी ‘मेट’ किंवा ‘ब्रव’ येते. मेक्सिकोतील ‘ग्वेय’ हा शब्द मुळात ‘बुएय’, म्हणजे बैल; एके काळची ही शिवी आज मुलीही मैत्रिणींसाठी सहज वापरतात.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना इंग्रजीत ‘लाइक’ आणि स्पेनमध्ये ‘एन प्लान’ येते. दोन्हींचे काम आपल्या ‘ती म्हणजे अशी की’ यासारखे आहे. लंडनमधील ‘इनिट’ हे ‘इझन्ट इट’चे झिजलेले रूप; कर्ता कोणताही असो, ते वाक्याच्या शेवटी मराठीतल्या ‘ना’सारखे न बदलता लागते. याला बिघडलेली भाषा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण या शब्दांच्या वापरालाही नियम आहेत.

शब्द कोठून येतात, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. लंडनच्या बोलीत ‘वॉगवान’ (काय चाललंय?) जमैकन क्रिओलमधून, म्हणजे जमैकातील इंग्रजीवर आधारलेल्या मिश्र बोलीतून, आले आणि जमैकाशी नाते नसलेल्या मुलांच्याही तोंडी बसले. स्पेनमध्ये हेच काम तेथील रोमा समाजाच्या ‘कालो’ बोलीने केले. आवडणे, भारी वाटणे या अर्थाचे ‘मोलार’ तिचेच, आणि पोरगा या अर्थाचा ‘चावाल’ही तिचाच. रोमा लोकांची भाषा मूळची भारतातली असल्यामुळे ‘चावाल’ आणि मराठीतील ‘छावा’ एकाच मुळापर्यंत पोहोचतात. इंग्रजीतील ‘पॅल’ हा मित्रवाचक शब्दही रोमानीतूनच आला. त्याचे मूळ संस्कृत ‘भ्रातृ’, म्हणजे आपल्या ‘भाऊ’चेच.

शब्द कापण्याची हौस दोन्हीकडे आहे. इंग्रजीत ‘करिझ्मा’चे, म्हणजे मोहून टाकणाऱ्या व्यक्तिमत्त्वाचे, ‘रिझ’ झाले आणि ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या प्रकाशकांनी २०२३ या वर्षाचा शब्द म्हणून त्याची निवड केली. स्पेनमध्ये पाव कापून भरलेल्या ‘बोकादिल्यो’चा ‘बोकाता’ झाला. ब्वेनोस आयरेसमध्ये तर अक्षरेच उलटतात : ‘तांगो’चे ‘गोतान’, आणि ‘उलट’ या अर्थाच्या ‘रेवेस’चे ‘वेस्रे’, जे या पद्धतीचेच नाव झाले.

अलीकडे इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये मोठ्या संख्येने शिरत आहेत. मराठीत आपण अशा शब्दापुढे ‘करणे’ लावतो. स्पॅनिश मात्र त्याला थेट क्रियापदाचा प्रत्यय जोडते. गुपचूप माग काढणे या अर्थाच्या इंग्रजी ‘स्टॉक’ (stalk) वरून ‘स्टाल्केआर’ बनते, आणि ‘मे स्टाल्केआ’ म्हटले की ‘तो माझ्या खात्यावर गुपचूप नजर ठेवतो’ असा अर्थ होतो.