कोणाचा नवस होता? ख्रिस्ती बलिदानाच्या मागची गोष्ट

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस) आराधना करून येत होतो तर शेजारच्या काकांनी पारावर थांबवलं, म्हणे, "काय गा, तुमच्या देवानं आपल्याच पोराचा बळी घेतला म्हन्तेत, कोनाचा नवस होता?" चेष्टा नव्हती त्यात. त्यांच्याकडे नुकतंच मरीमायला बोकड कापलं होतं, तोच हिशोब ते लावत होते. मला काही धड सांगता आलं नाही तेव्हा.

नवसाचे बळी जुन्या यहुदी लोकांतही होते, पण पापाचा बळी वेगळा. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा १६ वा अध्याय काढून बघा. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, त्या दिवशी दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, एक कापून त्याचं रक्त महायाजकानं पडद्याच्या आत, परमपवित्र जागी नेऊन कोशाच्या (देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीच्या) झाकणावर शिंपडायचं, आणि दुसरा जिवंतच, त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची अन् त्याला रानात सोडून द्यायचं. हे वाचलं की मला आमच्या विदर्भातला पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा, आठवतो, पळसाच्या फांद्या घेऊन पोट्टे शिवेकडे बोंबलत जातात, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" दोन्हीचा एकमेकांशी संबंध काहीच नाही, पण घाण एकदाची गावाबाहेर गेली पाहिजे हे वाटणं तेच. आणि त्या दुसऱ्या बकऱ्याला मारायचं असं लेवीयात कुठंच सांगितलेलं नाही. म्हणजे मूळ भर साफ करण्यावर आहे, शिक्षेवर नाही.

येशूला क्रुसावर दिलं ते वल्हांडणाच्या (मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या यहुदी सणाच्या) दिवसांत, जेव्हा सणाचं कोकरू कापायचे, म्हणून योहानाच्या शुभवर्तमानात त्याला "देवाचा कोकरा" म्हटलंय. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात म्हणतो की हे प्रायश्चित्त देवानंच पुढं ठेवलं. काकांचा हिशोब अडकला तो इथंच, नवसात माणूस देवीला देतो, इथं देणाराच देव. पुढं इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि यहुद्यांचे बळीही थांबले, त्यांचा भर प्रार्थना, उपास, दानधर्मावर आला.

पण क्रुसानं पाप जातं ते नेमकं कसं, हे मोठ्या श्रद्धासूत्रात (चर्चमध्ये म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत) कुठंच उकलून सांगितलेलं नाही, "आमच्यासाठी" एवढंच. त्यामुळे ज्यानं त्यानं आपापल्या काळातला दाखला दिला. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी म्हणाला, सैतान मासा, येशूचं माणूसपण आमिष आणि आत देवपणाचा गळ (मला हा दाखला फार आवडतो, थोडा नाटकी आहे तरी). १०९८ च्या सुमारास इंग्लंडातल्या कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म यानं सरंजामी हिशोब मांडला, आपल्याकडच्या मालगुजारासारखा समजा, जेवढा मोठ्याचा मान मोडला तेवढी मोठी भरपाई, ती माणसाच्या ऐपतीबाहेरची, म्हणून देवच माणूस झाला. त्याच्यानंतरचा फ्रेंच पंडित अबेलार्ड म्हणे, हे प्रेम बघून माणूस बदलतो. १६ व्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन वकिली शिकलेला, त्याच्याकडे हे कोर्टात गेलं, आरोपी सुटला अन् शिक्षा दुसऱ्यानं भोगली.

नागपुरात १८४५ साली आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा, म्हणजे कॅल्विनच्याच वळणाचा. आमच्या खेड्यातल्या उपदेशात अजूनही कोर्टाचाच दाखला जास्त येतो त्याचं मूळ मला इथं दिसतं.

त्यात आणखी घोळ शब्दाचा. प्रायश्चित्त म्हटलं की आपल्याकडे ज्याची चूक त्यानंच घ्यायचं, दंड भर, गोतजेवण दे, मग जातीत ये. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं झाली त्यावरून केवढं ग्रामण्य (जातीबाहेर टाकायचा वाद) माजलं, टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं, एका चहापायी! आणि मराठी बायबलमध्ये तोच शब्द येशूच्या मरणासाठी आहे, जिथं चूक एकाची अन् घेणारा दुसराच.