घड्याळात ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही, हे चुकीचं आहे

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी चालायला येणाऱ्या, अँजिओप्लास्टी झालेल्या बऱ्याच काकांच्या हातात आता स्मार्टवॉच असतं आणि एक समज कधीपासून फिरतोय, की छातीत दुखलं तर घड्याळावर ईसीजी काढायचा, नॉर्मल आला की घरी जाऊन पडायचं. प्लीज असं करू नका! घड्याळ मनगटावर आणि दुसऱ्या हाताचं बोट बटणावर, यात एकच लीड मिळते, म्हणजे हृदय फक्त एका बाजूने दिसतं. दवाखान्यात छातीवर 6 आणि हातापायांना 4 इलेक्ट्रोड लावून 12 लीड बघतात, शिवाय ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणी करतात, कारण अटॅक असूनही पहिला ईसीजी कधीकधी तिथेसुद्धा नॉर्मल येतो. ॲपल स्वतःच सांगतं की त्यांचं वॉच हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. ते शोधतं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, तेवढ्यासाठी मात्र खरंच कामाचं आहे, त्या ईसीजीची पीडीएफ डॉक्टरांना दाखवा. आणि हो, मेटोप्रोलोलसारखी ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर पल्स फारसा वाढतच नाही, त्यामुळे घड्याळातला टार्गेट आकडा गाठायला जोर लावू नका, चालताना नीट बोलता येतंय ना ते बघा. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर घड्याळाकडे न बघता सरळ 108 लावा.