फिकट ससे कुणासाठी?

बारशाच्या भेटींत हल्ली एखादी प्ले मॅट हमखास असते. मोतिया रंग, त्यावर पुसट गुलाबी ससे. आईबाबा खूश. बाळाला मात्र ते ससे बहुधा दिसतच नाहीत.

नवजात बाळाच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी असतात, पण त्या आखूड, जाड आणि विरळ असतात. त्यामुळे दिसतं ते साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं, तेही धूसर. म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, तेवढंच. लाल-हिरव्यातला फरक दोनेक महिन्यांत कळू लागतो, निळा-पिवळा थोडा मागाहून. तोवर उपयोगी पडतो तो गडद आणि उजळ यांतला ठळक भेद.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी हे सोप्या युक्तीने पाहिलं. बाळाला निजवायचं, वर एकेक चित्र धरायचं आणि बारीक भोकातून बघायचं, की डोळ्याच्या बाहुलीवर त्या चित्राचं प्रतिबिंब किती वेळ टिकतं. 1963 साली त्यांनी दाखवलं की पाच दिवसांच्या आतली बाळंही कोऱ्या रंगीत चकत्यांपेक्षा काळी-पांढरी नक्षी जास्त वेळ बघतात. चेहऱ्याचं चित्र तर त्याहून जास्त.

मग चटई निवडताना दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्टे, मोठे ठिपके, चौकटी बघाव्यात. अर्थात सगळीकडे नक्षीच नक्षी नको, नजर टेकायला मोकळी जागाही हवी. आजीची गोधडी इथे बाजी मारते: पांढऱ्या धोतराचा तुकडा, त्याला लागून गडद लुगड्याचा काठ. फक्त ती गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून खाली सतरंजी घालावी. आणि फार गुबगुबीतही नको. पालथं घातलेल्या बाळाला हात रोवून मान उचलायला खाली घट्ट आधार लागतो, शिवाय मऊ गादीत नाक रुतण्याची भीती असते. अजून न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी, कुणीतरी शेजारी असताना, दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं.

फोमच्या जोडचटया घेणार असाल तर एक गोष्ट. फोम फुगवण्याच्या प्रक्रियेत फॉर्मामाइड नावाचं रसायन मागे राहू शकतं. बेल्जियमने 2010 च्या अखेरीस अशा चटयांची विक्री थांबवली होती. नवी चटई वेष्टनातून काढून काही दिवस हवेशीर जागी पसरून ठेवलेली बरी.

सजवायचा उत्साह कितीही असला तरी मणी, टिकल्या, बटणं, आरसे शिवू नका. खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात मावणारा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. गाणी वाजवणाऱ्या मॅटमध्ये बटण-सेल असेल तर झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे बघा. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

आमची भाची दीड महिन्याची असताना महागड्या मॅटवर निजून उन्हातली गजांची सावली बघत राहायची. ससे तिच्या उजव्या कानाशीच होते.