बॅटरी घरात आणायची की गाडीतच ठेवायची?

अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या पट्ट्यात, नोव्हेंबर उजाडला की आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, झाकून ठेवायची लगबग सुरू होते. नळांतलं पाणी काढून सहजी न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, फ्रिजचं दार उघडं ठेवतात, आणि गाडी अंगणात उभी राहते ती थेट एप्रिलपर्यंत. वाद होतो तो बॅटरीवरून. एक म्हणतो, काढून घरात आण. दुसरा म्हणतो, छतावर सोलर आहे, असू दे तिथंच. तिसरा बजावतो, काहीही कर, पण सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नकोस. हे सल्ले वेगवेगळ्या काळांतून आलेत.

सगळ्याचं मूळ शिशाच्या बॅटरीत. फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी ती १८५९ मध्ये बनवली. आपल्याकडे इन्व्हर्टरला जोडलेली असते, जिच्यात अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, तीच ही जात. बॅटरी भरलेली असताना आतलं ॲसिड तेज असतं. उतरत जाते तसं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि खाली जवळजवळ पाणीच उरतं. त्यामुळे पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे ७-८ च्या आसपासच गोठते. डबा फुगतो, प्लेटा वाकतात, कधी कवच तडकतं. थंडीत बॅटरी मेली असं लोक म्हणतात; खरं तर ती आधी उतरलेली असते.

कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलला विजेचा स्टार्टर दिला आणि हँडल मारायची कटकट संपू लागली. बॅटरी मोटारीत आली. त्या काळी बर्फाळ मुलखात बरेच जण हिवाळाभर गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि बॅटरी काढून आत नेत. सिमेंटची भीतीही त्याच जमान्यातली. तेव्हाची खोकी लाकडाची, पुढे कडक रबराची. ओल शिरायची, करंट झिरपायचा. आजचं कवच पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं आहे, त्याला जमिनीशी काही देणंघेणं नाही. उलट गार जमिनीवर बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग कमीच होतो. पण आजोबांनी सांगितलेलं कोण सोडतो?

विनेबेगो कंपनीने १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत मोटरहोम बनवायला घेतली, आणि चाकांवरचं घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागलं. घर म्हटलं की दिवे आले, पंप आला, पंखा आला, आणि नंतर गॅसगळती ओळखणारा डिटेक्टरही. हा डिटेक्टर साधारण ०.१ अँपिअर खातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी सहा आठवड्यांत कोरडी. नोव्हेंबरमध्ये पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी जानेवारीच्या कडाक्यात नेमकी रिकामी सापडते, ती अशी.

याला उतारा म्हणून सोलर आलं. बेल लॅब्जने १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौरघट दाखवला तेव्हा तो उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा पकडायचा, आणि पुढे बरीच वर्षं उपग्रहांनाच परवडायचा. १९७० च्या दशकात किंमत उतरू लागली आणि हळूहळू पॅनल आरव्हीच्या छतावर चढलं. हिशेब साधा होता: रोज थोडं चार्जिंग, बॅटरी सदा भरलेली, गोठायची भीती नाही. फक्त हा हिशेब उन्हाळ्यातल्या उन्हावर केलेला. २१ डिसेंबरला मिनेसोटातल्या मिनियापोलिसमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी ४८. त्यात पॅनल छतावर आडवं, आणि त्यावर वीतभर बर्फ. मग पॅनल असून नसल्यासारखंच.

तरीही शिशाच्या बॅटरीपुरतं उत्तर ठरलेलं होतं: भरून ठेवा, तारा सोडवा, महिन्या-दोन महिन्यांनी व्होल्टेज बघा. लिथियमने ते उलटं केलं. लिथियम आयर्न फॉस्फेटचं रसायन १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत आरव्हीवाल्यांनी ते उचलून धरलं. ही बॅटरी हलकी, आणि तारा काढल्या तर महिनोन्महिने फारशी उतरत नाही. ती अर्धी भरून ठेवलेलीच बरी. शून्याखालच्या थंडीत नुसती पडून राहायला तिची हरकत नसते, पण त्या थंडीत चार्जिंग केलं तर लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता धातू होऊन वरच साचतं. ते नुकसान पुन्हा भरून येत नाही. म्हणून आत बसवलेलं बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, थंडीत चार्जिंग तोडतं, निदान चांगल्या बॅटरीत तरी.

आता फेब्रुवारीतली एखादी लख्ख दुपार घ्या. पारा उणे १५ वर. काळ्या पॅनलवरचा बर्फ ऊन लागून घसरतो आणि पॅनल-बॅटरीमधल्या चार्जिंग कंट्रोलरचा दिवा लागतो. थंडीत पॅनलचं व्होल्टेज उलट वाढतं, त्यामुळे तेवढ्याच उन्हात जरा जास्त वीज निघते. खाली शिशाची बॅटरी असेल तर ती दोन महिन्यांची भूक भागवून घेते, गोठली नसेल तर. लिथियमची असेल तर बीएमएस दार लावून बसलेलं असतं, आणि मालक घरातून फोनवर बघत असतो की एवढं ऊन पडूनही आकडा हलत का नाही.