कुलाबा ते अलिबाग: सौरवादळांच्या नोंदींची पार्श्वभूमी

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधल्या रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांची आकृती काढत असताना डागांच्या एका समूहावर लख्ख प्रकाश चमकला आणि पाचेक मिनिटांत विझला. सौरज्वालेची ही पहिली नोंद. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर भूचुंबकीय वादळ (सूर्याकडून आलेल्या लोटामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी खळबळ) थडकलं, आणि त्याची सर्वांत मोलाची मोजणी झाली ती मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत.

तिथली पद्धत साधी पण कष्टाची होती. दोन समांतर धाग्यांवर चुंबक आडवं टांगलेलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बदललं की ते किंचित वळतं आणि निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचून टिपतो. एरवी तासाला एक नोंद, वादळात मात्र पंधरा किंवा पाच मिनिटांनी. त्यामुळेच २ सप्टेंबरच्या सकाळी या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) कोसळला आणि पटकन सावरला, हे हाती लागलं. हीच आकडेवारी तासाच्या सरासरीत मांडली की घसरण बरीच उथळ दिसते. इतक्या झटपट सावरण्यामागे वलय-प्रवाह, म्हणजे पृथ्वीभोवती अवकाशात कड्यासारखा वाहणारा विद्युत्प्रवाह होता की दुसरे प्रवाह, यावर अजून वाद आहे.

पुढे नानाभाई फ्रामजी मूस या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदी त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात अनेक वादळं सुरुवातीच्या क्षणापासून एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी चाल काढली होती. वादळाचे टप्पे मोजण्याची आजची रीत इथूनच आलेली आहे.

कुलाब्याचं काम संपवलं ते विजेच्या ट्रामने. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहाने नोंदी डागाळल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली. ती झाली नसती तर जुनी आणि नवी मालिका जोडताच आली नसती. अलिबागची इमारत पोरबंदरच्या दगडाची आहे, कारण कोकणातल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं. भिंतच चुंबकीय असेल तर उपकरण कितीही चांगलं असून काय उपयोग? जागाही सोयीची: विषुववृत्ताजवळ वातावरणाच्या वरच्या थरात वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर, आणि ध्रुवीय प्रकाशाच्या धांदलीपासून दूर. त्यामुळे वलय-प्रवाहाची चाहूल इथे बऱ्यापैकी स्वच्छ मिळते. १९७१ पासून ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

अंदाज वर्तवण्याची निकड खऱ्या अर्थाने जाणवली ती १३ मार्च १९८९ ला. भूचुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं दीडेक मिनिटात कोलमडलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात. पण वादळ आणतो तो मागून येणारा प्लाझ्माचा (विद्युतभारित कणांच्या वायूचा) लोट, एक ते तीन दिवसांनी. त्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच तडाखा जोरदार बसतो. ही दिशा सूर्याकडे पाहून भरवशाने सांगता येत नाही. लोट पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवरील यानांवरून गेला की ती मोजता येते, आणि मग हातात पंधरा मिनिटं ते तास उरतो. जानेवारी २०२४ पासून भारताचं आदित्य-एल१ हे यान तिथेच आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवली.

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या अवकाश-हवामान अंदाज केंद्राने जी-४ चा इशारा दिला होता (वादळांची तीव्रता जी-१ ते जी-५ अशी मोजतात, जी-५ सर्वांत तीव्र). १० तारखेला वादळ जी-५ पर्यंत गेलं: एकामागोमाग निघालेले लोट दिसले होते, त्यांच्यातलं क्षेत्र किती आणि कुठे वळलंय हे एल-१ वर पोचेपर्यंत दिसलं नव्हतं.