ताट आणि कपाट

अन्न, वस्त्र आणि निवारा ही गरजांची यादी आपण एका दमात म्हणतो, पण तिच्यातील पहिल्या दोन गोष्टींचे आपसातील नाते तिसरीपेक्षा अधिक जवळचे आहे. घर शरीराभोवती असते, अन्न आणि वस्त्र शरीराला थेट भिडतात. एक जिभेवरून पोटात उतरते, तर दुसरे दिवसभर कातडीला लागून राहते. एखादी वस्तू स्वतःच्या इतक्या जवळ येऊ द्यावी की नाही, हे मेंदूला दोन्ही ठिकाणी ठरवावे लागते आणि ते ठरवण्याची त्याची रीत दोन्हीकडे बरीचशी एकच असल्याचे दिसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही गोष्ट फार स्पष्टपणे पुढे आली. त्यांनी फळांच्या रसाच्या पेल्यात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ क्षणभर बुडवून काढले. रसात रोगजंतू शिरलेले नाहीत हे सांगूनही तो रस लोकांना नकोसा झाला. त्याच संशोधनात लोकांना शर्टाविषयीही विचारले होते : आपल्याला न आवडणाऱ्या माणसाने वापरलेला, पण स्वच्छ धुतलेला शर्ट अंगात घालायला कसे वाटेल? तिथेही उत्तर नाराजीचेच आले. साबणाने मळ जातो, पण पूर्वीच्या मालकाची आठवण जात नाही. एकदा संपर्क आला की तो कायमचा राहतो, ही जादूटोण्यामागची समजूत मानववंशशास्त्रज्ञांनी जुन्या समाजांच्या संदर्भात नोंदवली होती. रोझिन यांनी ती सुशिक्षित विद्यार्थ्यांच्या पेल्यात आणि कपड्यांत दाखवून दिली. शिळे किंवा कुजके अन्न पोटात जाऊ नये म्हणून घडलेली किळस इथे कापडावरही पहारा देताना दिसते.

किळस ही झाली मनाची बाब. त्याआधी साध्या स्पर्शाचा प्रश्न येतो. लोकरीचा स्वेटर टोचतो तेव्हा आपल्याला लोकरीची ॲलर्जी आहे असे अनेकांना वाटते, परंतु बहुतेक वेळा कारण यांत्रिक असते. साधारण ३० मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन शतांशांपेक्षा जाड तंतूची टोके त्वचेवर टेकली की वाकत नाहीत. ती तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना दाबतात. बारीक तंतू मात्र वाकून बाजूला होतात, म्हणून तलम लोकर मऊ लागते. अन्नाच्या बाबतीतही आपण ज्याला सरसकट ‘चव’ म्हणतो, त्यातील मोठा भाग स्पर्शाचा असतो. घास बुळबुळीत आहे की खरखरीत, गुठळीदार आहे की कुरकुरीत, हे जिभेवरील स्वादकलिका सांगत नाहीत. ते तोंडातील स्पर्शज्ञान सांगते. त्यामुळे कॉलरमागच्या लेबलाने हैराण होणारे मूल पानातील मऊ लगद्यालाही हात लावत नसेल, तर ते दोनदा हट्ट करत आहे असे समजण्याचे कारण नाही. स्पर्शाबाबत अधिक संवेदनशील असलेली मुले खाण्याच्या बाबतीतही अधिक चोखंदळ असतात, असा संबंध बालमानसशास्त्रातील अनेक अभ्यासांत आढळला आहे. यात कोणते कारण आणि कोणता परिणाम हे तेवढ्यावरून ठरत नाही, हेही लगेच सांगायला हवे.

चवीत जन्मजात फरक असतो, हे योगायोगानेच कळले. १९३१ च्या सुमारास आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक भुकटी हाताळत असताना ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी तोंड कडू झाल्याची तक्रार करू लागला आणि फॉक्स यांना मात्र काहीच जाणवले नाही. या फरकामागे मुख्यतः कडू चव टिपणाऱ्या जिभेवरील एका ग्राहकाचे (रिसेप्टरचे) जनुक आहे, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे एकाच वाटीतून खाणारी दोन माणसे एकच चव घेत असतात असे नाही. ‘एवढे काय टोचते त्यात?’ आणि ‘एवढे काय कडू आहे त्यात?’ हे दोन्ही प्रश्न दुसऱ्याच्या कातडीत आणि दुसऱ्याच्या जिभेत शिरल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

जन्मजात फरकावर पुढे सवयीचे थर चढतात. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते, असे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवले. जुली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात, ज्या मातांनी गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस नियमित घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचे पहिले अन्न अधिक सहजपणे स्वीकारले. आवड इतक्या लवकर घडू लागते. सवय पक्की झाली की आवडीचीही गरज उरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चित्रपटगृहातील प्रेक्षकांना काहींना ताजे, तर काहींना आठवडाभर जुने पॉपकॉर्न दिले. जुने पॉपकॉर्न बेचव आहे हे खाणाऱ्यांना कळत होते, तरीही ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी ते ताज्याइतकेच खाल्ले. मात्र नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर शिळे खाणे कमी झाले, कारण हात अडखळला आणि जीभ काय म्हणते आहे ते ऐकू आले. कपाटासमोर सकाळी घडते तेही याहून फार वेगळे नसावे. घडीच्या वरचा सदरा हाताला लागतो म्हणून अंगात चढतो. तो आपल्याला खरोखर आवडतो का, हा प्रश्न कित्येक महिन्यांत विचारलेलाच नसतो.

मग कपाट भरलेले का असते? इटामार सिमन्सन यांनी १९९० मध्ये विद्यार्थ्यांना येत्या तीन आठवड्यांचा खाऊ एकदम निवडायला सांगितला, तेव्हा त्यांनी निरनिराळे पदार्थ निवडले. प्रत्येक आठवड्याला त्या त्या वेळी निवडायला सांगितले, तेव्हा बरेच जण आवडत्या पदार्थाकडेच परतले. पुढचा विचार करताना आपण स्वतःला प्रत्यक्षात आहोत त्यापेक्षा अधिक वैविध्यप्रिय समजतो. कपड्यांची खरेदी ही नेहमी पुढच्या दिवसांसाठीच असते, आणि दुकानात धिटाईने घेतलेला भडक रंग घरी हँगरवर लटकून राहण्याचे हेच एक कारण असावे, असे मला वाटते.

आतापर्यंतचा विचार एकट्या माणसाचा झाला. चारचौघांत बसल्यावर ताट आणि कपाट यांतील अंतर आणखी कमी होते. डॅन अरिएली आणि जोनाथन लेव्हाव यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एका टेबलावर बसलेल्या अमेरिकी ग्राहकांनी एकामागून एक, सर्वांना ऐकू जाईल अशा प्रकारे बिअर मागवली, तेव्हा नंतरच्यांनी आधी कोणी न मागवलेला प्रकार निवडण्याकडे कल दाखवला आणि त्यांना ती बिअर कमी आवडली. हाँगकाँगमध्ये उलट घडले; तिथे आधीच्याने मागवले तेच मागवण्याकडे ओढ दिसली. समारंभात आपल्यासारखाच पोशाख दुसऱ्याच्या अंगावर पाहून होणारा संकोच आणि सगळे काय घालणार आहेत हे आधी विचारून घेण्याची काळजी, या त्याच दोन प्रवृत्ती आहेत. पाहणारा आला की खाणेही पोशाखासारखे मिरवायचे होते. उलट घरी एकटे असताना घातलेला विटका, ढगळ सदरा हा पोशाख कमी आणि नेहमीचा घास अधिक असतो.

हे साम्य एका ठिकाणी मात्र तुटते. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना गोड चवीचे पाणी प्यायला दिले आणि त्याच वेळी प्रकाश व आवाजही जोडला. नंतर ज्या उंदरांना मळमळेल असे केले, ते चव टाळू लागले, पण प्रकाश आणि आवाज यांचे त्यांना काही वाटले नाही. ज्यांना पायाला विजेचा झटका दिला, ते प्रकाश आणि आवाज टाळू लागले, पण चवीला दोष दिला नाही. पोटाचे दुखणे चवीला चिकटते आणि कातडीचे दुखणे दिसण्या-ऐकण्याला. पोटाचा धडा तर एकाच अनुभवात पाठ होतो. इलीन बर्नस्टाईन यांच्या १९७८ च्या अभ्यासात केमोथेरपीच्या आधी विशिष्ट आइसक्रीम खाल्लेली मुले पुढे ते आइसक्रीम टाळू लागली, कारण मळमळ त्यानंतर आली होती. ती खरे तर औषधामुळे आली होती, पण पोटाला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. कातडीशी मात्र तडजोड करता येते. चावणारे बूट पहिल्याच दिवशी फोड आणतात, ते कशाने आले हेही पायाला नेमके ठाऊक असते, तरीही पुढच्या समारंभाला टाचेवर पट्टी लावून तेच बूट घातले जातात.