विमानाच्या बॅगेमागची गोष्ट

आगगाडीच्या प्रवासात पत्र्याची ट्रंक आणि वळकटी खपून जायची, कारण फलाटावर हमाल असायचा. विमानतळावर तसं राहिलं नाही. जेट विमानं आली, टर्मिनल लांबच लांब झाली आणि बॅग स्वतःच वाहण्याची वेळ प्रवाशावर आली.

१९७० साली बर्नार्ड सॅडो हे अमेरिकेतल्या बॅगांच्या कंपनीतले अधिकारी कुटुंबासह अरुबाहून परतत होते. दोन जडशीळ सूटकेस हातात, आणि समोर एक कामगार चाकाच्या फळीवरून अवजड यंत्र आरामात ढकलत चाललेला. सॅडोंनी घरी येऊन सूटकेसला चार चाकं बसवली, ओढायला पट्टा लावला. १९७२ मध्ये पेटंट मिळालं. दुकानदार मात्र आधी बॅग ठेवायलाच तयार नव्हते; पुरुष माणूस बॅग ओढत चालेल, हे त्यांना पटत नव्हतं.

ती बॅग डुगडुगायची, वळणावर कलंडायची. खरा बदल केला तो १९८७ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी. त्यांनी बॅग उभी केली, खाली दोन चाकं आणि वर आतबाहेर सरकणारा दांडा. सुरुवातीला त्यांनी ती विमानातल्या सहकाऱ्यांनाच विकली. गणवेशातली माणसं ती सहज ओढत नेताना पाहून प्रवाशांनाही हवीशी वाटली. आपली केबिन बॅग तिच्याच घराण्यातली.

बॅगेत काय भरायचं, याचे नियम त्यामानाने नवे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, त्यानंतर केबिनमध्ये न्यायच्या द्रव पदार्थाच्या प्रत्येक बाटलीला १०० मिलीची मर्यादा आली. पॉवर बँक उलट केबिनमध्येच ठेवायची, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर तिथे निदान कर्मचारी धावून येऊ शकतात. आणि सुकं खोबरं! परदेशी निघालेल्या लेकीला मसाल्यासोबत खोबऱ्याच्या वाट्या द्याव्यात असं कुठल्याही आईला वाटणारच. पण त्यातल्या तेलामुळे सुकं खोबरं तापून आपोआप पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. खोबरं घरीच राहू द्या.

सर्वांत जास्त कटकट होते ती वजनावरून. एका बॅगेला ३२ किलोची कमाल मर्यादा आहे ती तिला उचलणाऱ्या माणसाच्या पाठीसाठी. बोइंग ७३७ च्या पोटात बॅगा हातानेच रचतात, आणि तिथलं छत इतकं ठेंगणं की लोडरला गुडघ्यांवर बसून काम करावं लागतं. हमाल गेला असं आपल्याला वाटतं. तो फक्त नजरेआड गेला आहे. म्हणून नवी बॅग घेताना मी आधी ती रिकामी तोलून बघते. मोठ्या कडक बॅगेचंच वजन चार-पाच किलो भरतं, आणि बऱ्याच विमान कंपन्या तिकिटात एका बॅगेला जे २३ किलो देतात, त्या हिशोबात ते आधीच गेलेलं असतं.